वेगळ्या चुलींचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येऊन गेली. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचलीही नसेल. परंतु ज्या घरांत आणि ज्या संस्थांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अजून उत्तम चालतो आहे, त्यांच्यासाठी ही बातमी म्हणजे घरमालकाची नोटीस होती. नवी 'विंडोज ११' या जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर बसत नाही, कारण तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची जादा मुदत मिळाली, एवढेच. यंत्र धडधाकट, पण भाडेकरार संपलेला, अशी ही अवस्था आहे.

माझ्या घरचा संगणकही या नोटिशीत सापडला. तो मोडीत काढणे मनाला पटेना. मुक्त प्रणालीविषयी, म्हणजे लिनक्सविषयी, मी नोकरीच्या काळापासून थोडेफार ऐकून आणि वापरून होतो. तेव्हा यंत्र घेऊन सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. दुकानातल्या मुलाने सहज विचारले, "लिनक्स डाल देंगे साब, मगर कौनसा होना?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, डोळे मिटून उबुंटू घ्या." शेजारीच बसलेल्या त्याच्या मित्राने उबुंटूचे नाव ऐकताच नाक मुरडले आणि 'मिंट' सुचविली. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने फोनवरून 'फेडोरा'चा आग्रह धरला. तिघेही हुशार, तिघेही आपुलकीने बोलणारे. आणि तिघांचे एकमत फक्त एकाच गोष्टीवर, ते म्हणजे उरलेले दोघे चुकत आहेत.

'कौनसा होना' हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. माझ्या मते मात्र मुक्त प्रणालीचे घराघरांतील अपयश त्या दोन शब्दांत मावते. आणि या अपयशाला तिचे विरोधक जितके जबाबदार आहेत, त्याहून अधिक जबाबदार तिचे भक्त आणि तिच्या नावाने सार्वजनिक पैसा खर्च करणारी आपली सरकारी खाती आहेत. त्या खात्यांपैकी एकाच्या टेबलावर मीही बसलो होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आणि थोडी लाज, दोन्ही माझ्यापाशी आहेत.

ज्या वाचकांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने जाहीर केले की, जिचा मूळ मजकूर सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी एक संगणक प्रणाली आपण उभी करणार आहोत. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने अशा प्रणालीला लागणारा गाभा लिहिला. हाच लिनक्स. परंतु नुसता गाभा म्हणजे जात्यावरचे पीठ; त्याची भाकरी अजून व्हायची असते. खिडक्या दाखविणारी व्यवस्था, टंक, पत्र लिहिण्याचे आणि हिशेबाचे साधन, छपाईयंत्राशी बोलणारे भाग हे सारे त्यात मिळवून जे तयार ताट वाढले जाते, त्याला 'डिस्ट्रिब्यूशन' किंवा तरुणांच्या बोलीत 'डिस्ट्रो' म्हणतात. आपण त्याला 'वितरण' म्हणू. पीठ सर्वांचे असल्यामुळे ताट कोणीही वाढू शकतो. १९९३ साली 'स्लॅकवेअर' आणि 'डेबियन' ही वितरणे निघाली. २००४ साली डेबियनवर उबुंटू उभी राहिली आणि २००६ साली उबुंटूवर मिंट. आजी, आई आणि नात एकाच वाड्यात नांदत आहेत, आणि तिघींच्या चुली वेगळ्या. आजमितीस अशा चुली शेकडो आहेत.

आता या चुली कशा वेगळ्या झाल्या ते पाहा. १९९६ साली 'केडीई' नावाचा प्रकल्प सुरू झाला. सामान्य माणसाला वापरता येईल असा देखणा डेस्कटॉप लिनक्सवर आणणे हा त्याचा हेतू. परंतु तो 'क्यूटी' नावाच्या ज्या साहित्यावर उभा होता, त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. हा आक्षेप तत्त्वाचा होता आणि रास्त होता. म्हणून १९९७ साली 'ग्नोम' हा दुसरा प्रकल्प निघाला. पुढे २००० साली क्यूटीही मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. भांडणाचे कारण तीन वर्षांत संपले. चुली मात्र आज पाव शतकानंतरही वेगळ्याच आहेत. आपल्या घराण्यांतील वाटण्यांची ज्यांना माहिती आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. बांधावरून झालेला वाद मिटतो, पण मध्ये घातलेली भिंत कोणी पाडत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. २०११ साली ग्नोमने आपले रूप मुळापासून बदलले. अनेकांना ते रुचले नाही. मग जुने रूप जपणारा 'माटे' निघाला आणि नव्या पायावर जुनी मांडणी देणारा 'सिनॅमन' निघाला. दरम्यान उबुंटूने २०१० पासून 'युनिटी' नावाचा स्वतःचा डेस्कटॉप पुढे आणला होता. सात वर्षे त्यावर श्रम केले, लोकांना त्याची सवय लावली आणि २०१७ साली तो सोडून देऊन ग्नोमकडे परतण्याचे जाहीर केले. ज्यांनी आपल्या आई-वडिलांना मोठ्या कष्टाने युनिटी शिकविली होती, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धडा गिरवावा, अशी अपेक्षा होती. साठीनंतर नवा पडदा शिकणे म्हणजे काय, हे त्या निर्णयकर्त्यांपैकी कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही.

तीच गत सॉफ्टवेअर बसविण्याच्या पद्धतीची. डेबियनच्या घराण्यात एक पुडी, रेड हॅटच्या घराण्यात दुसरी. एकीची पुडी दुसरीकडे सरळ चालत नाही. ही फूट सांधावी म्हणून २००१ साली 'लिनक्स स्टँडर्ड बेस' नावाचे समान मानक आले. ते मूळ धरू शकले नाही आणि २०१५ साली डेबियननेही त्याचा नाद सोडला. मग सर्व वितरणांवर चालेल अशी एकच पुडी करण्याचे ठरले. ती एकच पुडी आज 'स्नॅप', 'फ्लॅटपॅक' आणि 'अ‍ॅपइमेज' अशा तीन नावांनी मिळते! फूट सांधण्याच्या उपायातही फूट पडावी, याला काय म्हणावे? आपल्या पूर्वजांनी या प्रकारासाठी एक म्हण करून ठेवली आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या.

यावर भक्तमंडळींचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, विविधता हेच स्वातंत्र्याचे लक्षण होय. वेगळे होण्याचा हक्क काढून घेतला तर मुक्त प्रणाली आणि कंपनीची प्रणाली यांत फरक काय राहिला? स्पर्धेतून चांगले तेच टिकते; ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. हा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. वेगळे होण्याचा हक्क नसता तर काय झाले असते याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 'ओपनऑफिस' हे मुक्त लेखनसाधन सन कंपनीकडून ओरॅकलच्या ताब्यात गेले तेव्हा त्याच्या भवितव्याची काळजी वाटून कार्यकर्त्यांनी २०१० साली 'लिबरऑफिस' वेगळे काढले. तो निर्णय योग्य ठरला. आज मराठीत मुक्त साधनावर पत्र लिहिणारा बहुधा लिबरऑफिसवरच लिहितो.

परंतु या उदाहरणातच भक्तांच्या युक्तिवादाचे खंडन आहे, हे ते लक्षात घेत नाहीत. लिबरऑफिसच्या वेळी जाणते कार्यकर्ते बहुसंख्येने एकत्र बाहेर पडले. ते घराचे स्थलांतर होते. मालक बदलला, पाया खचला, म्हणून सारे कुटुंब सामानासह दुसरीकडे राहायला गेले. शेकडो वितरणांची गोष्ट अशी नाही. पुष्कळ ठिकाणी पाया तोच, पीठ तेच, भांडीही तीच असतात. बदलतात ते पार्श्वचित्र, रंग, बोधचिन्ह आणि नाव. हक्क असणे आणि तो उठता-बसता बजावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळे होण्याचा हक्क प्रत्येक भावाला असतो, परंतु म्हणून रोज संध्याकाळी वाटणीपत्र लिहायला कोणी बसत नाही.

फूट कोठे चालते आणि कोठे चालत नाही, याचे एक उदाहरण थेट आपल्या मराठीशी निगडित आहे. 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'पुढाऱ्यांना' हे शब्द लिहून पाहा. यांतला अर्धा र हा मराठीचा खास आहे. 'सूर्या'मधल्या रफारासारखा तो अक्षराच्या डोक्यावर चढत नाही, शेजारी आडवा बसतो. देवनागरी म्हणजे हिंदी, असे समजणाऱ्या यंत्राला तो पटकन कळत नाही. एके काळी लिनक्सवर अक्षरजुळणीची यंत्रणाच प्रत्येक घरात वेगळी होती. ग्नोमची एक, केडीईच्या खालच्या क्यूटीची दुसरी, ओपनऑफिसची तिसरी. एका ठिकाणी नीट दिसणारे जोडाक्षर दुसऱ्या ठिकाणी तुटू शके, आणि तक्रार करायची तर तीन दारे ठोठवावी लागत. तिन्ही दारांशी मराठीची बाजू मांडणारी माणसे किती, तर बोटांवर मोजण्याइतकी.

पुढे या मंडळींना सुबुद्धी झाली आणि 'हार्फबझ' ही समान यंत्रणा सर्वांनी हळूहळू स्वीकारली. ग्नोम, क्यूटी, फायरफॉक्स, क्रोम यांनी ती घेतली. लिबरऑफिसही २०१७ साली सर्व ठिकाणी तिच्यावर आले. तिचे नाव फारसीतून आलेले आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले. आपल्या शहरात हा शब्द परका नाही. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून शिकले. त्यांच्या तोंडी 'हर्फ' हा शब्द 'अक्षर' या शब्दाइतकाच सहज येई. तर आज त्या एका ठिकाणी मराठी र ची एक चूक दुरुस्त झाली की ती ग्नोमवाल्याच्या, केडीईवाल्याच्या आणि मोबाइलवाल्याच्याही पडद्यावर दुरुस्त होते. वरचे पडदे वेगळे राहिले म्हणून काही बिघडले नाही, कारण मूळ एक झाले. माझे सारे म्हणणे या एका उदाहरणात आहे. फांद्या कितीही फुटोत. श्रम आणि पैसा मुळाशी गेला पाहिजे.

आता सरकारकडे वळतो. कबुलीपासून सुरुवात करतो. २००८-०९च्या सुमारास मी ज्या खात्यात होतो, तेथे परवान्यांचा खर्च वाचविण्यासाठी काही डझन संगणकांवर मुक्त प्रणाली बसविण्याचा प्रस्ताव आला. बाजारात मिळणारे एखादे प्रस्थापित वितरण जसेच्या तसे घ्यावे, असे एका तरुण तंत्रज्ञाने सुचविले होते. ते वरिष्ठांना रुचले नाही. 'आपले स्वतःचे' असावे, असे ठरले. मग एका कंत्राटदाराने प्रस्थापित वितरणच घेतले, त्याच्या पार्श्वभूमीवर खात्याचे चिन्ह लावले आणि त्याला एक भारदस्त संस्कृत नाव दिले. थाटात उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली. कंत्राट एक वर्षाचे होते. वर्ष सरल्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद झाले. नवे छपाईयंत्र आले तेव्हा ते जोडण्याची माहिती कोणालाच नव्हती, कारण बाहेरच्या जाणकाराला आमच्या प्रणालीचे नावही ठाऊक नव्हते. मी देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद मागितली. फायलीवर शेरा आला: प्रणाली मोफत असताना देखभालीस पैसे कशाला? इंग्रजीत एकाच शब्दामुळे जो घोटाळा होतो तो मराठीत होण्याचे कारण नाही; आपल्याकडे 'मुक्त' आणि 'मोफत' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. तरीही फायलीत ते एक झाले. दोन वर्षांत सारे संगणक पुन्हा विंडोजवर गेले, आणि कारण म्हणून नोंद झाली की 'लिनक्स कर्मचाऱ्यांना मानवत नाही'. त्या नोंदीखाली माझी सही आहे.

म्हणून सांगतो, आपल्या प्रशासनात उद्घाटनाला निधी असतो, देखभालीला नसतो. नवे नाव देणाऱ्याचे नाव होते. जुन्याची निगा राखणाऱ्याची बदली होते. ही वृत्ती आणि मुक्त प्रणालीतील वेगळी चूल मांडण्याची सोय या दोहोंची गाठ पडली की सार्वजनिक पैशाचा चुराडा ठरलेला.

देशपातळीवरचे चित्र पाहा. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ साली 'बॉस' हे भारतीय वितरण आणले. त्याचा पाया डेबियन. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय करणे हा हेतू स्तुत्य होता आणि त्याच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या कामकाजात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यानंतर २०२३ साली संरक्षण मंत्रालयाची 'माया' आली. तिचा पाया उबुंटू, म्हणजे पर्यायाने पुन्हा डेबियनच. संरक्षण खात्याच्या सुरक्षेच्या गरजा वेगळ्या असतात हे मी मान्य करतो. परंतु एका सरकारपाशी आधीच एक वितरण असताना दुसऱ्या मंत्रालयाने ते न घेता वेगळे पाऊल उचलावे, यावर निदान एक खुलासा नागरिकांना मिळायला हवा होता. पहिले अपुरे होते काय? असल्यास ते पुरे करण्याचा खर्च अधिक होता की नवे उभारण्याचा? हिशेब तपासणारा माणूस हे दोन प्रश्न विचारणारच.

आपल्या हैदराबादेतही 'स्वेच्छा' ही स्वयंसेवी संस्था आहे. तिने तेलुगू भाषेतील मुक्त प्रणालीसाठी कष्ट घेतले. तरुणांनी शब्दन् शब्द भाषांतरित केला. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि आपण मराठी माणसांनी या शहरात तसे काही केले नाही याची खंतही आहे. या कामात चिरकाल टिकणारे काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, मूळ प्रकल्पांच्या भांडारात गेलेले तेलुगू शब्द. वितरणाची तबकडी जुनी होते. मुळाशी दिलेला शब्द जगातल्या प्रत्येक तेलुगू पडद्यावर उमटतो.

वेगळे नाव घेतले म्हणजे पाप झाले, असेही माझे म्हणणे नाही. केरळचे उदाहरण पाहा. तेथील 'आयटी@स्कूल' या शालेय प्रकल्पाचे २०१७ साली 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. तिचे स्वतःचे वितरण आहे, पाया उबुंटू. ते टिकले, कारण पाठ्यपुस्तके त्यावर बेतलेली, शिक्षकांचे प्रशिक्षण त्यावर, परीक्षा त्यावर. नावामागे माणसे उभी आहेत आणि ती दरवर्षी उभी राहतात. उलट बाजूला जर्मनीतील म्युनिक शहर. तेथील नगरपरिषदेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरविले, 'लिमक्स' नावाचे स्वतःचे वितरण घडविले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले. २०१७ साली त्याच परिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कारणांविषयी आजही वाद आहे. राजकारण होते, शहराच्या संगणक-व्यवस्थेतील अंतर्गत गोंधळ होता, बाहेरच्या कागदपत्रांशी न जुळण्याची अडचण होती. परंतु एक गोष्ट मला उघड दिसते. ज्या प्रणालीचे आपण एकटेच पालक असतो, तिचे वैर धरायला एक निवडणूक पुरते.

येथे दुसऱ्या बाजूचे वाचक म्हणतील, मग हा सारा खटाटोप कशाला? कंपनीची प्रणाली घ्यावी, पैसे मोजावेत आणि सुखाने राहावे. हे सुख किती दिवसांचे, ते गेल्या ऑक्टोबरने दाखविले आहे. तेथे चूल एकच आहे हे खरे, पण ती दुसऱ्याच्या घरात आहे. केव्हा विझवायची ते तो ठरवितो. माझा आक्षेप मुक्ततेला नाही; मुक्तता वाया घालविण्याला आहे. ज्यांनी मालकापासून सुटका करून दिली त्यांनी त्या सुटकेचे रूपांतर शेकडो तोंडांच्या गोंगाटात करावे, आणि त्याचा फायदा पुन्हा त्याच मालकाला व्हावा, याचा मला राग येतो.

हा प्रश्न आपल्यासारख्यांना अधिक का बोचावा, ते सांगतो. इंग्रजी, जर्मन या भाषांना शेकडो स्वयंसेवक मिळतात. त्यांना चार चुली परवडतात. मराठी बोलणारे कोट्यवधी असले तरी या कामाला हात लावणारे थोडे. तेच थोडे लोक ग्नोमचे भाषांतर करणार, केडीईचे करणार, लिबरऑफिसचे करणार आणि वर एखाद्या सरकारी वितरणाचेही करणार. परिणाम असा की, एकाच 'सेव्ह'साठी मराठी पडद्यांवर कुठे 'जतन करा', कुठे 'साठवा', तर कुठे 'संचयित करा' असे निरनिराळे शब्द भेटतात, आणि वाचणारा वैतागून इंग्रजी पडद्याकडे वळतो. संगणकावरचे नित्याचे शब्द भारतीय भाषांत एकसारखे असावेत म्हणून 'फ्युएल' नावाचा प्रकल्प निघाला. त्यात मराठीही होती. 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना दिले. ही मुळाशी केलेली कामे. कोणत्याही वितरणाच्या उद्घाटनाइतकी टाळी त्यांना मिळाली नाही, पण आपल्या अक्षरांच्या ती उपयोगी पडली.

आपली संख्या थोडी असणे म्हणजे काय, हे हैदराबादच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपली घरे काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा या वस्त्यांत मागे राहिली. त्यानंतर आपणही चुली मांडायला कमी केले नाही. एकाच गल्लीत दोन गणपती बसले, एका मंडळाची दोन मंडळे झाली, प्रत्येकाचे पावतीपुस्तक वेगळे. त्याने फार नुकसान झाले नाही, कारण गणपती दहा बसले तरी आरती दहांची होते. परंतु शाळा आणि ग्रंथालय यांच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी ही चैन केली नाही. विवेकवर्धिनीसारखी संस्था आणि मराठी ग्रंथ संग्रहालय टिकले ते अनेकांनी एकाच ठिकाणी वर्गणी टाकली म्हणून. प्रत्येक गटाने आपापले कपाटभर ग्रंथालय काढले असते, तर आज आपल्यापाशी कपाटे असती, ग्रंथालय नसते. मुक्त प्रणालीच्या बाबतीत आज नेमके हेच चालले आहे. कपाटे पुष्कळ झाली आहेत.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. सार्वजनिक पैशातून जे जे वितरण निघेल, मग ते केंद्राचे असो, तेलंगणाचे असो वा महाराष्ट्राचे, त्याच्या प्रस्तावावर मंजुरीपूर्वी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे असावीत. एक, आधीपासून असलेले कोणतेही वितरण जसेच्या तसे का चालत नाही? दोन, येथे केलेली प्रत्येक सुधारणा मूळ प्रकल्पाकडे केव्हा आणि कोण पाठविणार? तीन, पाचव्या वर्षी देखभाल कोणत्या शीर्षाखालील तरतुदीतून होणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'आपले स्वतःचे असावे' असे असेल तर फाईल परत पाठवावी. हे मी त्या काळी करू शकलो असतो. केले नाही.

उत्साही तरुणांना एवढेच सांगणे आहे. नवे वितरण काढण्याचा मोह झाला तर जरूर काढा, तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. परंतु त्याआधी मुळाशी गेलेली मराठीची एक चूक दुरुस्त करा. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर कोणत्या कामाचा मागमूस राहतो, ते तुमचे तुम्हालाच दिसेल. आणि आम्हा वृद्धांना सल्ला देताना आपसांतले भांडण आमच्या पडद्यावर आणू नका. आम्हाला सर्वोत्तम प्रणाली नको आहे. पुढच्या वर्षीही अशीच दिसेल अशी हवी आहे.

माझ्यापुरता निर्णय मी केला आहे. तिघांचे युक्तिवाद बाजूला ठेवून मी एकच प्रश्न विचारला: यंत्र अडले तर त्याच दिवशी घरी कोण येईल? पुतण्या पुण्यात, मित्र परीक्षेत गुंतलेला. भाचा नारायणगुड्यात राहतो. म्हणून उबुंटू, आणि तीही दीर्घ मुदतीची, जिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. दुसऱ्या दिवशी चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जाऊन त्या मुलाला तसे सांगितले. त्याने तासाभरात बसवून दिली. ज्या वाचकांचे संगणक अशाच नोटिशीत सापडले असतील, त्यांनी याच कसोटीने निवड करावी. आपल्या ओळखीच्या चार घरांत जी असेल तीच घ्यावी, म्हणजे एकाला आलेली अडचण दुसऱ्याला सोडविता येईल.

गेल्या महिन्यात त्या पडद्यावर एका सूचनेचे मराठी मला चुकीचे वाटले. भाच्याला बसवून मूळ प्रकल्पाकडे योग्य शब्द कळविला. तो स्वीकारला जाईल की नाही, ठाऊक नाही. परंतु ज्या टेबलावर मी नको तेथे सही केली होती, त्या हिशेबात जमेच्या बाजूला निदान एक शब्द तरी मांडता आला.